कैची वकील झाली तेव्हा मी टॉवेलाखाली होतो

डाग म्हणे! अरे कारकुना, डाग नाहीत ते. पारा उडालाय माझा. तुझ्या टाळूवरचे केस उडालेत, तसाच. तुला घातलं का कुणी भंगारात?

सकाळी फोनवर काय सांगत होतास ते सगळं ऐकलंय मी. "जुना आरसा आहे. डाग पडलेत. कड फुटलीय. थोबाड वाकडं दिसतं. बाई परगावच्या कोर्टात गेल्यात, त्या यायच्या आत घेऊन जा." आणि हे बोलताना कुठं बघत होतास? माझ्यात. उरलेल्या केसांचा भांग पाडत होतास. जरा तरी लाज ठेव.

आता गेलायस चहा प्यायला. जा. माझं तोंड काही बंद होत नाही. भंगारवाला यायच्या आत मी बोलून घेणार.

मी आरसा. तुझ्या वकीलबाईंच्या बापाच्या सलूनमधला. तुझ्यासाठी त्या बाई. मी तिला कैची म्हणतो, सगळी गल्ली म्हणते.

माझा जन्म भट्टीतला. आधी नुसती काच होतो, आरपार. आरपार होतो तोवर माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, माझ्यातून पलीकडे बघायचे. मग पाठीला चकाकता लेप मारला, वर तपकिरी रंग फासला, आणि लोक थांबून बघायला लागले. पण भट्टीतून निघतानाच मी डाव्या अंगाला जरा ओघळलो होतो. त्यामुळं माझ्यात बघणाऱ्याचा एका बाजूचा जबडा मोठा दिसतो. दुकानदारानं मला मागच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि विसरून गेला.

तिथून मला कैचीचा बाप घेऊन आला. दुकानदार म्हणाला, "यात जबडा मोठा दिसतो हो." हा म्हणाला, "दिसू दे. कुणाला वाईट वाटणार आहे?"

नाहीच वाटलं. त्या गल्लीतले सगळे पुरुष जन्मभर स्वतःला दणकट जबड्याचे समजत आले. वेल्डर तर फारच.

सलून म्हणजे बोळच. एक खुर्ची, खुर्चीसमोर मी, पाठीमागं एक बाकडं. उन्हाळ्यात पंखा लावायचा नाही, कारण केस उडतात. आणि मालकाचा एकच नियम: मान हलवायची नाही. वस्तरा गळ्याशी असताना कुणी "काय म्हणालात?" म्हणून वळलं की मालक दगडासारख्या आवाजात म्हणायचा, "मान हलवू नका." फौजदार असला तरी हलायचा नाही.

म्हणून त्या दुकानात कुणी कुणाच्या तोंडाकडे बघून बोलायचंच नाही. खुर्चीतला माणूस माझ्यात बघून बोलणार, बाकड्यावरचा माझ्यात बघून उत्तर देणार. गप्पा, भांडणं, सोयरिकी, सगळं माझ्यातून. मला त्याचा माज होता. असणारच. गल्लीचा कारभार माझ्यातून चालत होता.

कैची शाळेतून आली की बाकड्यावर बसायची. घरात एकच खोली, तिथं आई दुकानचे टॉवेल उकळत असायची, वाफेनं वह्या ओल्या व्हायच्या. म्हणून ही इथं. जीभ कैचीसारखी चालायची, नाव बापानंच पाडलं. गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लागला रे लागला की हिची सुरुवात.

"वेल्डरकाका, तुम्ही रस्त्यात वेल्डिंग करता. लोकांचे डोळे दुखतात."

"मग लोकांनी बघू नये!"

"रस्त्यानं चालताना डोळे मिटून चालायचं?"

"अगं भवाने, माझ्या तोंडात फेस जातोय..."

"मान हलवू नका," बाप म्हणायचा.

वेल्डर पाय आपटत जायचा. दुसऱ्या दिवशी काम आत घेतलं होतं त्यानं. वर येऊन सांगायचा, "तिच्यामुळं नाही हं. आत सावली आहे."

पोस्टमनला भलीमोठी मिशी होती, तिच्यावर त्याचा फार जीव. तो एकदा म्हणाला, "मालक, हिला वकील करा. नाहीतर हिच्याशी भांडायला रोज नवीन माणूस कुठून आणणार?"

मालक वस्तरा घासत राहिला. त्यांच्या घरात कॉलेजचं फाटक कुणी बघितलं नव्हतं. म्हणजे मालकानं बघितलं होतं, पण तरुणपणी त्या फाटकाबाहेर बसून तो कटिंग करायचा. आत कधी गेला नाही. गिऱ्हाईक बाहेरच येत होतं.

तरी कैची गेली. कशी गेली म्हणून विचारशील, तर गल्लीनं ढकलली. फीचं गल्लीनं बघितलं, पुढं विचारू नकोस. वेल्डरनं पुस्तकांसाठी लोखंडी मांडणी केली. चौघांना उचलून आणावी लागली. पुस्तकं दोन होती. शिंपीणकाकूंनी काळा कोट शिवला तो पहिल्याच वर्षी, आणि एवढा ढगळ की आत कैची शोधावी लागायची. म्हणाल्या, "वकिलांना पोट सुटतं. मी पुढचा विचार केलाय."

आणि सराव? सराव माझ्यासमोर. ती खुर्चीमागं उभी राहून माझ्यात बघून बाजू मांडायची आणि जो कुणी दाढीला बसला असेल तो न्यायाधीश. काय बोलायची! मला तर वाटायचं, हिला मीच वकील करतोय.

तिथंच माती खाल्ली सगळ्यांनी. मी धरून.

शेवटच्या वर्षी कॉलेजात सरावाचं कोर्ट होतं. त्यात पास झाल्याशिवाय पुढं जाता येत नाही. एक सर न्यायाधीश होऊन समोर बसतात, पोरांनी उभं राहून बाजू मांडायची. कैचीचा नंबर आला. उभी राहिली. सरांनी मान वर करून सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं.

आणि कैची बंद. तोंडातून शब्द नाही.

कारण तिनं जन्मात कुणाशी समोरासमोर वाद घातलाच नव्हता! जे काही बोलली ते आरशात बघून. घामाघूम झाली पोर. मग तिला दिसलं, मागं पुस्तकांचं काचेचं कपाट आहे आणि काचेत सर दिसतायत. ही गर्रकन वळली. न्यायाधीशाला पाठ दाखवून कपाटाकडं तोंड केलं आणि सुरू झाली. म्हणे असं बोलली की पोरं गप्प झाली.

सर म्हणाले, "बाई, मी इकडं आहे."

नापास.

हे सगळं तिनं दुकानात येऊन सांगितलं. तेही माझ्यातच बघून.

महिन्यानं आणखी एक संधी होती. मामा येऊन बसला बाकड्यावर. मामानं कापडाच्या दुकानात तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. "यावेळी नाही जमलं तर सोमवारपासून तिकडं," मामा म्हणाला. मालक माझ्यात बघून म्हणाला, "ठीक आहे." कैची माझ्यात बघून म्हणाली, "ठीक आहे." मला फोडावंसं वाटलं स्वतःला.

दुसऱ्या दिवशी वेल्डर आला. खुर्चीत बसलाच नाही. म्हणाला, "खुर्ची फिरवा."

"कुठं?" मालक.

"दाराकडं. पाठ आरशाला. मी हिच्याकडं तोंड करून बसतो, ही माझ्याकडं बघून बोलू दे. आणि हा आरसा झाका, नाहीतर ही त्याच्यातच बघते."

"आणि दाढी?"

"दाढी करा की. तुम्हाला थोडाच आरसा लागतो?"

"मला नाही लागत. तुम्हाला लागतो."

"माझं मी बघतो!"

झालं. कैचीच्या आईनं एक ओला टॉवेल आणला आणि माझ्यावर टाकला. मी! जो मी गल्लीचा कारभार चालवत होतो! मला विचारलंसुद्धा नाही. टॉवेलाला तुरटीचा वास होता. सरळ सांगतो, मी त्या दिवशी सगळ्या गल्लीला शिव्या दिल्या.

महिनाभर ती गल्ली आरशाशिवाय राहिली. कारकुना, तू दहा मिनिटं राहू शकत नाहीस. पुरुष माणसं खुर्चीत बसायची, आपल्या तोंडाचं काय होतंय दिसायचं नाही, आणि समोर ही पोरगी डोळ्यांत बघून उलटतपासणी घेतेय. एकेकाला घाम फुटायचा. मला टॉवेलाखालून नुसतं ऐकू यायचं.

पहिले आठ दिवस ती तोतरी बोलायची. समोरचा डोळे मिटून घ्यायचा, तिला बरं वाटावं म्हणून. वेल्डर ओरडायचा, "डोळे उघडे ठेवा रे! न्यायाधीश काय झोपतो का?"

"झोपतात," पोस्टमन म्हणायचा. "मी बघितलंय."

त्याच पोस्टमनची अर्धी मिशी गेली. कैची त्याला विचारत होती, पत्र ओलं झालं तर जबाबदार कोण. हा तावातावानं उत्तर देताना वळला, मालकाचा हात पुढं गेला. पोस्टमननं हातानं चाचपून बघितलं. मग म्हणाला, "मी उत्तर देत होतो. उत्तर पूर्ण करू द्या." उत्तर पूर्ण केलं आणि मग उरलेली अर्धी पण काढायला सांगितली. महिनाभर पाकिटं आधी तोंडासमोर धरायचा, मग माणसाच्या हातात द्यायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुकान बंद होतं. आत फक्त मालक, कैची आणि दाराशी वेल्डर, तो काय जाणार आहे. खुर्ची करकरली. पावलावरून ओळखलं मी, मालक बसला होता. त्या खुर्चीत तो आजवर बसला नव्हता.

"बोल," मालक म्हणाला.

"काय बोलू?"

"कापडाच्या दुकानात गेलीस तर काय बिघडतं ते बोल. माझ्याकडं बघून."

बापलेक जन्मभर भांडले, पण माझ्यातून भांडले. आता मी नव्हतो मध्ये.

मग ती म्हणाली, "बाबा, तुमच्या खुर्चीत माणूस बसला की त्याला मान हलवता येत नाही. कुणी काही म्हणो, ऐकून घ्यावं लागतं. गळ्याशी वस्तरा असतो. मला अशा माणसांच्या वतीनं बोलायचंय."

"माझा वस्तरा कुणाला लागलाय कधी?"

"तुमचा नाही हो बाबा. दुसऱ्यांचा."

मग वेल्डरचा आवाज आला, "मालक, डोळ्यात काय गेलं?"

"केस."

सकाळपासून त्या दुकानात एकाचेही केस कापले नव्हते. मी काही बोललो नाही. माझ्यावर टॉवेल होता.

दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली कॉलेजच्या फाटकाबाहेर. मालक त्याच्या जुन्याच जागी उभा होता म्हणतात. कैची आत उभी राहिली, ढगळ कोट घालून. सरांनी डोळ्यांत बघितलं. तिनंही बघितलं. सुरू झाली. चांगलं चाललं होतं, आणि मध्येच सर शेजारच्या परीक्षक बाईंशी काहीतरी बोलायला वळले.

कैची बापाच्या आवाजात म्हणाली, "मान हलवू नका!"

सर हलले नाहीत. शेवटपर्यंत. मग म्हणाले, "आता हलवू का?"

पास झाली.

हे मला वेल्डरनं सांगितलं. टॉवेल काढला, माझ्यात आपला जबडा बघितला आणि म्हणाला, "सुटलास."

पुढं मालकाचा हात थरथरायला लागला. थरथरत्या हातात वस्तरा नको, त्यानं स्वतःच दुकान बंद केलं. आता घरी असतो, बायकोचे टॉवेल वाळत घालतो. मला वेल्डरनं हातगाडीवरून इथं कैचीच्या ऑफिसात आणला, तेव्हाच कड फुटली. अजून म्हणतो रस्ताच खराब होता. कैचीनं मला दारासमोर लावला आणि माझ्यावर तोच टॉवेल टाकला. म्हणाली, "पक्षकार आले की आरशात बघत बसतात. माझ्याकडं बघायला पाहिजे." बरोबर आहे तिचं. मी चिडलो नाही. आता सवय झालीय.

तो टॉवेल कुठाय कारकुना? बाई परगावी गेल्या तेव्हापासून तुझ्या स्कूटरच्या हँडलला आहे. सीट पुसतोस त्यानं. इथून दिसतंय मला.

आणि आणखी एक दिसतंय. बाहेरच्या पायरीवर एक पोरगी बसलीय. नळ दुरुस्त करणाऱ्याची. परवाही आली होती. वकिलीचं शिकतेय, तिच्या घरातही कुणी फाटकाच्या आत गेलेलं नाही. परवा तिनं तुला काहीतरी विचारलं, पण फरशीकडं बघून. तू म्हणालास, "मोठ्यानं बोल." ती आणखी खाली बघायला लागली. तू म्हणालास, "बाई कामात आहेत, नंतर ये." ती नंतर आलीय. अजून बसलीय. तिचं सरावाचं कोर्ट उद्या आहे, हे तिनं सांगितलं होतं तुला. तू कंगवा शोधत होतास.

बाई रात्रीशिवाय येत नाहीत. तोवर तूच आहेस.

आलास? बरं झालं. भंगारवाल्याला फोन कर, येऊ नको म्हणून सांग. स्कूटरवरचा टॉवेल आण. झटक. माझ्यावर टाक. त्या पोरीला आत बोलव. खुर्ची तिच्याकडं फिरवून बस आणि म्हण, बोल.

आणि ती बोलेपर्यंत मान हलवू नकोस.