चटईपर्यंत न पोचलेली कॅसेट

बांडुंगमधल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांमध्ये रुकमनच्या कानाला जी किंमत होती, ती नगरपालिकेच्या शिक्क्यालाही नव्हती. त्याचं दुकान म्हणजे उताराच्या गल्लीतली दीड खोली. मोठ्या कंपन्या ज्यांना दारात उभं करत नाहीत, किंवा ज्यांना त्या दारात उभं राहायचंच नाही, अशांनी आपापल्या खोलीत, गॅरेजात, क्वचित न्हाणीघरातसुद्धा रेकॉर्ड केलेली गाणी त्याच्या फळीवर आणून ठेवायची. कानठळ्या बसवणाऱ्या मेटलच्या शेजारी आजोबांच्या काळचं क्रोंचोंग, आणि क्रोंचोंगच्या मांडीला मांडी लावून संगणकावर बनवलेलं कुणाचं तरी टिंगटिंग. जातपात फक्त फळीवर नव्हती, बाकी गावात होती तेवढी होती.

शनिवारी दुपारी चारला दुकानात चटई पसरली जायची. ज्याला यायचं त्याने यावं, आल्याचं गरम बांद्रेक घ्यावं आणि गप्प ऐकावं. नियम दोनच. गाणं संपेपर्यंत ते कुणाचं हे सांगायचं नाही. आणि कुणी ‘पुन्हा’ म्हटलं तरच ते दुसऱ्यांदा लावायचं. ज्या गाण्याला ‘पुन्हा’ मिळालं ते आठवड्यात शहरभर फिरायचं, कॉलेजांची बोलावणी यायची, आणि परवापर्यंत ज्याला घरचे निकामी म्हणत होते तो एकदम कलाकार व्हायचा. मात्र चटईवर काय वाजायचं हे एकटा रुकमन ठरवायचा.

“रुकमन तोंडावर सांगेल, पण खोटं नाही सांगणार,” असं लोक म्हणत. ते ऐकलं की रुकमन मान खाली घालून उगीच वायरी गुंडाळायला लागे. लोकांना तो विनय वाटे. खाई त्याला खवखवे, हे लोकांना कुठून कळणार!

आयुष्यात तो एकदाच खोटं बोलला होता, आणि तेही अशा माणसाशी की ज्याच्यासोबत त्याने एका ताटात भात खाल्ला होता. यायात त्याचा शाळेपासूनचा दोस्त. पंचवीस वर्षांपूर्वी यायातने वडिलांची कचापी, म्हणजे तारा छेडून वाजवायचं जुनं वाद्य, खरखरणाऱ्या ॲम्प्लिफायरला जोडली, बसस्टँडवर गिऱ्हाइकं गोळा करणाऱ्यांच्या आरोळ्यांवर गाणी रचली आणि त्यांची एकच कॅसेट करून रुकमनकडे आणून दिली. रुकमनने ती सकाळी, दुकान उघडायच्या आधी, एकट्याने ऐकली. पहिलं गाणं संपायच्या आत त्याला कळलं की असं काही या शहरात आजवर कुणी केलेलं नाही. आणि हेही कळलं, की पुढच्या महिन्यात येणारी त्याची स्वतःची कॅसेट हिच्यापुढे चहात पडलेल्या बिस्किटासारखी होणार.

त्याने यायातची कॅसेट कपाटात ठेवली. तीन शनिवार यायात चटईच्या मागच्या टोकाला येऊन बसला, प्रत्येक नव्या गाण्याच्या सुरुवातीला ताठ झाला आणि पहिल्या दोन सुरांत पुन्हा सैल पडला. चौथ्या शनिवारी सगळे गेल्यावर त्याने विचारलं, “ऐकलीस?”

“ऐकली.”

“मग?”

“कच्ची आहेत रे अजून,” रुकमन म्हणाला.

यायातने भांडायला हवं होतं. तो भांडला नाही. रुकमनचा कान चुकत नाही यावर इतरांपेक्षा त्याचाच जास्त विश्वास होता. महिन्याभरात त्याने कचापी विकली आणि तो लेदेंगच्या मार्गावर अंगकोट, म्हणजे वाटेत माणसं घेत जाणारी छोटी व्हॅन, चालवायला लागला. बांडुंगच्या अंगकोटवाल्यांना गाणं लावल्याशिवाय गिअर पडत नाही. यायातच्या गाडीत टेपच्या जागी नुसतं भोक होतं आणि त्यात तो सुट्टे पैसे ठेवायचा. रुकमनची कॅसेट आली आणि गेली. ती कुणाला आठवत नाही, आणि आठवायचं कारणही नाही.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी यायातची मुलगी दुकानात आली. रेंगानिस, वय वर्षं एकोणीस, आवाज खालच्या पट्टीतला. तिने पेन ड्राइव्ह काउंटरवर ठेवला.

“उवा, माझं गाणं आहे. घरीच केलंय.” उवा म्हणजे बापाचा थोरला भाऊ, लहानपणापासून ती रुकमनला तेच म्हणायची.

“बाबांना माहीत आहे?”

“त्यांनीच पाठवलंय. म्हणाले, रुकमनने चटईवर लावलं तर गा. नाही लावलं तर मुकाट्याने नर्सिंगचा फॉर्म भर. आमच्या घराण्यात गाणं नाहीये म्हणे.” ती हसली. “परवा शेवटची तारीख आहे फॉर्मची.”

रुकमनने पेन ड्राइव्ह उचलून मुठीत धरला. घराण्यात गाणं नाही हे कुणी ठरवलं होतं, ते त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

ती गेल्यावर त्याने गाणं लावलं. तिने आईच्या शिवणयंत्राचा आवाज फोनवर धरला होता, त्याचाच ताल केला होता, आणि त्यावर ती जवळजवळ बोलल्यासारखी गात होती. रुकमनला ते आवडलं. फार आवडलं. आणि लगेच तो घाबरला. हे खरंच चांगलं आहे, की आपल्याला ते चांगलं असायला हवंय? त्याने पाच वेळा ऐकलं. जितकं ऐकलं तितकं त्याला काही कळेनासं झालं. ज्या कानाने एकदा मुद्दाम खोटं सांगितलं, तो आता मागेल तेव्हा खरं सांगेल कशाला?

शेवटी त्याने जे तेव्हा करायला हवं होतं ते केलं. शनिवारी गाणं चटईवर लावलं आणि स्वतः तोंड फिरवून उभा राहिला. चेहऱ्यावरून कुणाला काही कळू नये म्हणून.

गाणं संपलं. मग कानात चार बाळ्या घातलेला एक मेटलवाला, जो चटईवर सहसा जांभया द्यायलाच यायचा, म्हणाला, “पुन्हा.” मागून क्रोंचोंगवाल्या म्हातारबुवांनी काठी आपटली. “पुन्हा लाव म्हणतोय ना तो! ऐकू येत नाही का?”

रेंगानिस दाराशी उभी होती. तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते. रुकमनला आनंद झाला, आणि त्याच्याच मागोमाग शरम आली. एवढंच तर करायचं होतं तेव्हा. एक बटण दाबायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर अंगकोट येऊन थांबली. यायात उतरला. हातात आंबवलेल्या कसाव्याचं, पेउयेउमचं, भलंमोठं पुडकं.

“घे. आणि बस गाडीत. बाजारापर्यंत चल माझ्यासोबत.”

रुकमन पुढच्या सीटवर बसला. मागे दोन भाजीवाल्या आपापल्या टोपल्या धरून बोलत होत्या.

“उपकार झाले बघ तुझे,” यायात म्हणाला.

“उपकार कसले? गाणंच चांगलं आहे तिचं.”

“तू म्हणालास म्हणून मला खरं वाटलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी म्हणालो असतो, पोरीला गोड बोलतोय मेला. पण तू तर सख्ख्या दोस्ताचीही भीड ठेवली नाहीस. कच्चं ते कच्चं म्हणालास. तेव्हा लागलं होतं मला, खोटं कशाला बोलू? पण काल वाटलं, बरं झालं. तू तेव्हा खरं बोललास म्हणून तर कालच्या होकाराला वजन आलं.”

शिव्या दिल्या असत्या तर रुकमनने सोसल्या असत्या. हे आभार त्याला सोसवेनात.

“यायात, तुझी गाणी कच्ची नव्हती.”

“काय?”

“माझ्यापेक्षा चांगली होती. सगळ्यांपेक्षाच. मला हेवा वाटला. माझी कॅसेट यायची होती आणि... हेवा वाटला. दुसरं काही कारण नाही.”

यायात समोर बघत राहिला. गाडी चालत होती.

“डावीकडे!” मागून भाजीवाली ओरडली. “अहो, डावीकडे थांबवा! उतरायचंय मला! बहिरे झालात का?”

यायातने बरंच पुढे जाऊन गाडी थांबवली. दोघी कुरकुरत उतरल्या. त्याने इंजिन बंद केलं.

“कचापी बाबांची होती,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“विकताना मी तुलाच विचारायला आलो होतो. विकू का म्हणून. तू काही बोलला नाहीस.”

“माहीत आहे.”

“तुला सगळंच माहीत होतं. मलाच काय ते माहीत नव्हतं.” त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. “पुढच्या वर्षी सांगितलं असतंस तरी चाललं असतं रे. पाच वर्षांनी सांगितलं असतंस तरी.”

रुकमनच्या डोळ्यांना पाणी आलं. “या शनिवारी लावतो. कॅसेट अजून आहे. सगळ्यांसमोर कबूल करतो, रेंगानिससमोर...”

“खबरदार!” यायातने झटकन डोकं वर केलं. “पोरगी रात्रभर झोपली नाहीये. तुझ्या कानाने हो म्हटलं म्हणून. उद्या तिला कळलं, की हा कान पोटात एक आणि ओठात एक ठेवतो, तर? ती म्हणेल, पाप फेडायला म्हातारा माझं गाणं लावतोय. तुझा नकार खोटा ठरला, की होकारही गेला. बापाचं घालवलंस, आता तिचंही घालव.”

“पण लोकांनी पुन्हा मागितलं ना...”

“ती एकोणीस वर्षांची आहे, रुकमन. तिला लोक नकोत. तिला तू हवायस.”

“मग मी करू काय?”

“गप्प बस. येतं तुला ते, चांगली सवय आहे. कॅसेट तुझ्याकडेच राहू दे. घरी आणली तर तिच्या हाती लागेल.” त्याने इंजिन चालू केलं. “आता उतर.”

पेउयेउमचं पुडकं कवटाळून रुकमन उन्हात चालत दुकानात परतला.

पुढच्या शनिवारी चटईवर बसायला जागा नव्हती. रेंगानिस मधोमध बसली होती, मेटलवाला तिला वरचेवर बांद्रेक भरून देत होता. कुणीतरी विचारलं, घरात आणखी कोण गातं?

“कुणी नाही! म्हणजे बाबांनी म्हणे एकदा गाणी केली होती. ते स्वतःच सांगतात, ती ऐकून शेजारचं मांजर घर सोडून गेलं.” सगळे हसले. ती रुकमनकडे वळली. “उवा, तुम्ही तर ऐकली होती. खरंच इतकी वाईट होती?”

सगळे त्याच्याकडे बघत होते. तिचे डोळे हुबेहूब बापासारखे, ऐकायला उत्सुक.

“मांजर गेलं ते बरोबरच गेलं,” रुकमन म्हणाला.

चटईभर हशा पिकला. रेंगानिस सगळ्यांत मोठ्याने हसली, आणि ती हसतेय म्हणून रुकमनही हसला.