दोघांत एक खातं

राजदीपला कुलूपकिल्लीचा मनस्वी कंटाळा. यवतमाळच्या त्याच्या कॉलेजात संगणक विभागाचा युनिक्स सर्व्हर एकच, सगळ्यांचा मिळून, म्हणजे बारभाई कारभार. त्यावर गिट त्यानेच बसवलं होतं. प्रोग्राममध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारं हे सॉफ्टवेअर. पुढे बॅकअप घेणं, भरलेली डिस्क आरडाओरडा करत साफ करणं, कोणाच्या अडकलेल्या फायली सोडवणं, सगळं त्याच्याच गळ्यात पडलं. पोरगं कुरकुरायचं, पण मनातून खूश असायचं.

प्रोजेक्टमध्ये त्याची जोडीदार होती जमनी, महागावकडच्या तांड्यावरची. कापसाचा भाव फोनवर मराठीत आणि बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलून सांगणारा प्रोग्राम होता तो, आणि लिहायची जमनीच. तिचं वेगळं खातं काढायचं सोडून राजदीपने तिला स्वतःचाच पासवर्ड देऊन टाकला.

"एका घरच्या माणसाईले दोन किल्ल्या कायले?" तो म्हणाला.

आपण एका घरचे कधी झालो, हे जमनीने विचारलं नाही. हसली आणि कामाला लागली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नोंदी उघडल्या. वरपासून खालपर्यंत एकच नाव, राजदीप.

"जमनी, तुमचं काम यात कुठे आहे? नाव नाही तर मी पास कसं करू?"

जमनीचा चेहरा उतरला. पुण्याची नोकरी हातात आली होती, ती या निकालावर अडली होती. राजदीप पुढे सरसावला. लाड करायला गेला आणि पोरीचं वर्ष घालवून बसला!

"सर, सारं तिनंच लिहलं. म्या एक ओळ बी नाई लिहली. खातं फक्त माहं हाय."

सर हसले. "प्रेमात पडलेली पोरं असंच बोलतात."

राजदीप कानापर्यंत लाल झाला, कारण त्यातलं प्रेमाचं तेवढं खरं होतं.

"तू चूप बस," जमनी त्याला म्हणाली. "माहं काम मले सांगू दे. सर, यातलं काईबी मोडा."

सरांनी मधल्याच ओळी उडवल्या. जमनीने त्या पुन्हा लिहिल्या आणि प्रोग्राम भाव दोनदा का ऐकवतो तेही सांगितलं. तांड्यावर फोन एकाच्या हातात अन् ऐकणारे चौघं, पहिल्या खेपेला कोणी ना कोणी मधी बोलतंच. सरांनी मान डोलावली आणि तिचे मार्क मांडले.

मग ते राजदीपकडे वळले. "काम तिचं, हे पटलं. मग तुम्ही काय केलंत?"

नोंदींतलं सगळं तिचं, हे राजदीपनेच सांगून टाकलं होतं. सर्व्हर सुरळीत चालला, याचं कौतुक करतो कोण? झाडलेलं घर कोणाला दिसत नाही, न झाडलेलं मात्र साऱ्या गावाला दिसतं.

"सर," जमनी म्हणाली, "दिवाळीत डिस्क बसली तवा साऱ्या विभागाचं काम गेलतं. हा सुटी सोडून आला अन् बॅकअपवरून सगळ्याईचं परत आणलं. हा नसता तर आज तुमाले पाह्यले काईच नसतं."

सरांचं पेन थांबलं. "आता तुम्हीही प्रेमापोटी बोलत नाही ना?"

जमनीने एकदा राजदीपकडे पाहिलं.

"त्यापोटीच बोलून राह्यली, सर," ती म्हणाली. "पण बॅकअप खरा हाय. उघडून पाहा."