पापडावरची मिरी

पेणमध्ये एक होती कृष्णाबाई. तिचा लेक पोपट, सून रंभा, आणि सगळ्यांचा जीव जिच्यात अडकलेला ती नात सगुणा. यांच्या घरचा पाचवा मी. मी एक जुनं धोतर बोलतोय.

कृष्णाबाईचा नवरा बाबाजी मिठागरात राबायचा आणि सणाला मला नेसायचा. तो गेला, तरी तिनं मला टाकलं नाही. अंगणात खाटेवर पसरलं, माझ्यावर तांदळाचे पापड वाळत घातले. तेव्हापासून माझं हेच काम.

पुढे पोपट मुंबईला कंपनीत लागला. कारखान्यांच्या वस्तीत बिऱ्हाड केलं. तिथं सगुणा सारखी खोकायची, छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. औषधं झाली, गुण नाही. म्हणून कृष्णाबाई नातीजवळ राहायला गेली. जाताना पोळपाट नेला, मलाही नेलं.

चाळीच्या गच्चीवर पापड घातले. संध्याकाळी बघते तर पापडांवर काळे कण!

"रंभे, मिरी घातलीस गो?"

"नाय हो आत्याबाई. जिरं नि मीठ, बाकी काय नाय."

"मग काय माझ्या डोळ्यातलं काजळ सांडलं?"

रंभा रडवेली झाली. दुसऱ्या दिवशी कृष्णाबाईनं मला स्वतः धुतलं, उकड स्वतः काढली, सुनेला गच्चीवर फिरकू दिलं नाही. संध्याकाळी पुन्हा मिरी!

तिसऱ्या दिवशी तिनं मला नुसतंच पसरलं. वर एक पापड नाही. समोर चिमणी धूर सोडत होती, खाली ट्रक ठसकत होते, पलीकडे कचरा पेटलेला. मी पडल्यापडल्या सगळं झेललं. पोपट शिफ्टवरून आला, तशी कृष्णाबाईनं माझ्यावर बोट फिरवलं आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला पुसलं.

"आई, हे काय?"

"तुमच्या मुंबईची मिरी. धोतर मी धुईन रे. पोरीची छाती कुठच्या दगडावर धुवू?"

"नोकरी सोडून खायचं काय?"

"पापड!" कृष्णाबाई म्हणाली.

सुनेची माफी तिनं काही मागितली नाही. पण सुनेला नि नातीला घेऊन पेणला परत आल्यावर पहिला भाजलेला पापड रंभाच्याच हातावर ठेवला.

आता मी विरलोय, कडेला ठिगळं आहेत. इथंही जवळच्या वडखळच्या रस्त्याला गाड्या वाढल्यात. रोह्याकडेही धुराड्यांची वस्ती होतेय म्हणतात. म्हणून सांगतो बायांनो, वाळवण घालण्याआधी एक दिवस जुनं धोतर नुसतंच पसरा. संध्याकाळी बोट फिरवून बघा. कापड खोटं बोलत नाही.

पोपटनं शेवटी शिफ्ट सोडली. एसटीनं रोह्यापर्यंत आमचे पापड पोचवतो, रिकामा डबा घेऊन परततो. आणि कावळे राखायचं काम सगुणाकडे आलंय. मुंबईत जिला एक हाक पुरी मारता येत नव्हती, ती खाटेपाशी उभी राहून ओरडते, "हाऽऽऽड!" न खोकता, एका दमात.

"पुरे गो," कृष्णाबाई हसत म्हणते, "कावळे केव्हाच रोह्याला पोचले!"

सगुणा काही थांबत नाही. कृष्णाबाईही तिला थांबवत नाही.