बाईंचं वृश्चिकासन

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर बाई गेली बावीस वर्षं योगासनं शिकवत होत्या. वृश्चिकासनात त्यांचा हातखंडा होता. कोपरापासून पुढचे हात जमिनीवर टेकायचे, शरीर उलटं उचलायचं, आणि पाठ वाकवून तळपाय डोक्याकडे आणायचे. दोन वर्षांपूर्वी त्याच आसनातून त्या कोसळल्या आणि खांदा निखळला. सांधा बसला, दुखणंही गेलं. धसका मात्र गेला नाही. तेव्हापासून तो विषय निघाला की बाई काहीतरी सबब काढून वेळ मारून नेत.

वर्गातली एक नर्स मात्र भलतीच चिवट होती. प्रसूतीच्या वॉर्डातली ड्यूटी संपली की थेट इकडे यायची. तिला ते आसन जमवायचंच होतं. तुझे खांदे अजून कच्चे आहेत, असं बाई दर वेळी सांगत. वर्षभर तिने मुकाट्याने ऐकून घेतलं. मग एका सोमवारी ती हनुवटीला पट्टी लावून आली. घरी फोनवर व्हिडिओ बघून तिने एकटीनेच ते आसन करून पाहिलं होतं आणि तोंडावर आपटली होती. तीन टाके पडले होते. वर हसून सांगत होती, की आमच्याकडे पोरं डोक्याकडून येतात, मी हनुवटीकडून आले.

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. वर्ग सुटल्यावर त्यांनी तिला मागे थांबवलं.

"तुझे खांदे केव्हाच तयार झाले होते," त्या म्हणाल्या. "कच्ची मीच होते. मला भीती वाटते."

नर्स रागावली. हे आधीच सांगायला हवं होतं, असं तिने स्पष्ट बोलून दाखवलं. मग म्हणाली, "घाबरलेल्या बायका मी रोज बघते, बाई. घाबरू नका म्हणून काही होत नाही. कोणीतरी शेजारी उभं राहावं लागतं."

टाके निघाल्यावर दोघी भिंतीपाशी आल्या. बाईंनी नर्सची कंबर धरली, आणि तिसऱ्या खेपेला ती वर गेली आणि पाच श्वास टिकली. मग बाई. पाय वर जाताच त्यांनी श्वास रोखून धरला. नर्सने पोटऱ्यांना नुसता हात लावून ठेवला आणि श्वास सोडायला सांगितलं. बाई तीन श्वास राहिल्या. तळपाय डोक्यापर्यंत काही पोचले नाहीत. उतरल्यावर त्या बराच वेळ कपाळ जमिनीला टेकून बसून राहिल्या. डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी साऱ्या वर्गाला आपल्या पडण्याची हकीकत सांगितली, आणि तो अख्खा तास नीट पडायचं कसं, एवढंच शिकवलं.