लहानूभाऊंच्या रीडची डबी

हे कोणी खरं मानणार नाही. मोनाली तर आत्तापासूनच गालात हसून राहिली आहे. हस पोरी, पण ऐक. ज्या माणसानं जन्मात एक सूर दुसऱ्यांदा तसाच वाजवला नाही, त्यानं या रायपुरात अख्खी रचना कागदावर लिहिली, आणि शेवटी असा सूर लावला की काय सांगू!

लहानूभाऊ रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. सॅक्सोफोन वरातीत शिकले, पण जीव जडला फ्री जॅझवर. म्हणजे ज्यात आधी काहीच ठरलेलं नसतं. बोटात येईल ते खरं. शेजारची सरलाबाई विचारायची, "भाऊ, बाजा वाजवून राहिले का धुवून राहिले?" त्याचं त्यांना काही वाटत नसे. सलायचं ते वेगळंच. वाजवलं की विरलं, मागे काही उरत नाही. नवं राज्य झालं, रायपूर त्याची राजधानी झालं, गल्लोगल्ली नव्या पाट्या लागल्या, तेव्हा भाऊंना वाटलं, आपलंही काही लिहिलेलं असावं. आपल्याशिवाय दुसऱ्या कोणीही ते वाजवावं. एकदाच, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत.

लिहिली रचना. चार तंतुवाद्यं, एक सॅक्सोफोन. राज्याच्या पहिल्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात जागाही मिळाली. ब्राह्मणपाऱ्यातल्या पद्मजाताई व्हायोलिनवर, बाकी तिघं भिलाईचे. चौघंही कागदाबाहेर पाऊल न टाकणारे. चुकायचे एकटे लहानूभाऊ! दर तालमीत मधेच त्यांची बोटं भरकटायची आणि सगळी रचना कोसळायची.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी, पडद्यामागे, पद्मजाताईंनी शेवटचं सांगितलं. "भाऊ, तुम्ही लिहिलेलं आम्ही वाजवून राहिलो. तुम्हीच काहून नाही वाजवत?"

"मी नाही जी चुकत. बोटं चुकतात."

"मग बोटांना सांगा. आज एक सूर जरी कागदाबाहेरचा आला, तर आम्ही गज खाली ठेवून उठू. लोकांसमोर."

बाहेर निवेदक लहानूभाऊंचंच नाव घेत होता. त्यांनी सॅक्सोफोनच्या तोंडची रीड काढली. बोरूची पातळशी पट्टी ती, पण ती नसली की सॅक्सोफोन म्हणजे नुसती पितळेची नळी. रीड डबीत टाकली आणि सगळ्या जादा रीडांसकट डबी ताईंपुढे धरली.

"पर्समध्ये ठेवा."

"अन् तुमचा भाग?"

"तिथं गप राहा. मी बसीन."

ताईंनी डबी पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

रचना सुरू झाली. इतकी हळू की पहिल्या रांगेतले साहेब शेजाऱ्याला म्हणाले, "अभी सुर ही मिला रहे हैं क्या?" लहानूभाऊ मांडीवर सॅक्सोफोन घेऊन बसलेले. त्यांच्या सुरांच्या जागा आल्या की चौघं थांबत आणि सभागृहात नुसते पंखे ऐकू येत. मग रोजची ती जागा आली, जिथं बोटं भरकटायची. भाऊंनी दात आवळले. उपयोग काय? बोटं निघालीच! आवाज निघाला नाही, पण मुक्या चाव्या खडखडल्या. टप, टप टप, टप. त्या शांततेत ते मागच्या रांगेपर्यंत पोचलं.

पद्मजाताईंचा गज तारेच्या वर थबकला. भिलाईचे तिघं त्यांच्या हाताकडे पाहू लागले. तो गज खाली जातो की तारेवर येतो, एवढ्यावर भाऊंचं सगळं लिहिणं लटकलेलं. भाऊंनी डोळे मिटून घेतले. बोटं काही थांबेनात.

गज तारेवर आला.

चौघं वाजवत गेले, चाव्या टपटपत गेल्या, आणि रचना शेवटच्या पानावर पोचली. आता काय राहिलं होतं? लहानूभाऊ ताडकन उठले, सॅक्सोफोन तोंडाला लावला आणि असा सूर फुंकला, असा सूर फुंकला म्हणता, की भनपुरीच्या नाक्यावर ट्रकवाल्यांनी हॉर्न समजून साईड दिली, उरला गावच्या कारखान्यात पाळी सुटली असं वाटून माणसं डबे घेऊन निघाली, आणि पहिल्या रांगेतले साहेब...

"रुको काका," मोनाली म्हणाली. "रीड तो पद्मजा दीदी के पर्स में थी ना?"