सुवैबा अजून बोलली नाही

दार कितव्या पानावर लागायला हवं, यावरून लाराई आणि पुस्तकवाला तंको यांचं तिसऱ्यांदा वाजलं.

"दहाव्या," तंको म्हणाला. "दहाव्या पानापर्यंत कोंबडी खाऊन झाली पाहिजे आणि अकराव्यावर दार. हाजिया, हल्लीच्या पोरी फोनवर कादंबऱ्या लिहितात, त्यांच्याकडं तिसऱ्याच पानावर कडी लागते!"

"आणि चौथ्यावर वाचणारी जांभई देते."

"देईना का! जांभई द्यायच्या आधी पुस्तक घेऊन झालेलं असतं."

तंकोनं पिशवीतून मुखपृष्ठाचा कागद काढून चटईवर पसरला. नवरा-नवरी हातात हात घालून उभे, मागं गुलाब. ईदच्या आधी तिसरा भाग बाजारात आला पाहिजे, असं त्यानं बजावलं आणि चपला घालून निघून गेला.

कानो शहराच्या दाला वस्तीत लाराईला सगळे मालमा, म्हणजे मास्तरीणबाई, म्हणत. निम्म्या वस्तीला तिनंच अक्षरं शिकवली होती. सकाळी शाळा आणि दुपारी लेखन, असा तिचा तीस वर्षांचा शिरस्ता. पण एकटीनं लिहिलेली पुस्तकं थोडीच. बाकीची तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, असाबेनं, मिळून लिहिली. भांडणं, सासवा, सवती, रडारड ही लाराईची. प्रेम असाबेचं.

असाबेच्या प्रेमाला घाई ठाऊक नव्हती. आधी त्याच्या चपलांचा आवाज ओळखीचा व्हायचा. मग आवाज. मग केव्हातरी नजर. त्याच्या बाहीचा काठ तिच्या मनगटाला लागायला साठ पानं जायची. त्या साठाव्या पानावर कानोतल्या बायका पुस्तक छातीशी धरून डोळे मिटायच्या, आणि पाठीमागं छापलेल्या नंबरवर फोन करून विचारायच्या, "पुढं काय गं होतं?" लाराई तेव्हा चिडायची. "अगं, एवढ्या वेळात लोकांची लेकरं चालायला लागतात!" असाबे हसायची. म्हणायची, "चुलीवरचं उतरायच्या आधी वास घरभर फिरू द्यावा, लाराई. माणूस जेवतो नाकानं आधी."

सुवैबाच्या गोष्टीचे दोन भाग तसेच झाले. दुसऱ्या भागाच्या शेवटी सुवैबा नवरी होऊन पलंगावर बसली आहे, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. दारात नासिरू भाजलेली कोंबडी घेऊन उभा. त्याचे मित्र आणि तिच्या मैत्रिणी यांची तोंड विकत घ्यायची घासाघीस चाललेली. ती झाल्याशिवाय आमच्याकडं नवरीची रात्र सुरूच होत नाही. मित्रांनी नोटा पुढं करायच्या, मैत्रिणींनी "एवढ्याशात नाही हो उघडत आमच्या राणीचं तोंड" म्हणून भाव वाढवायचा. हसून हसून पोट दुखलं, की नवरी पदराआडून एखादा शब्द बोलते. तो ऐकला की मंडळी उठतात. मगच दार लागतं.

असाबे तिथंच थांबली. दोन वर्षं थांबली. "लिही ना गं," लाराई म्हणायची. "ती बोलेल तेव्हा लिहीन," असाबे म्हणायची. मग काविळीनं तिला नेलं. त्याला आता आठ वर्षं झाली.

तंकोच्या तगाद्यानं लाराईनं शेवटी ते पान स्वतःच लिहिलं. घासाघीस चार ओळींत उरकली. मैत्रिणीनं नोटा घेतल्या आणि हात वर करून सांगितलं, "बोलली, बोलली! मी ऐकलं!" मंडळी हसत बाहेर पडली. दार लागलं. नासिरूनं पदर उचलला. पुढं बारा पानं, सगळी गोड. वाचून लाराईलाही बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी, दुपारची नमाज होऊन गेल्यावर, तिचा फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, असाबे.

ते नाव तिनं कधी पुसलंच नव्हतं. लाराईच्या हातातला पेला लवंडला, आंबील चटईभर झाली. तिनं फोन कानाला लावला.

"कोण आहे?"

पलीकडं कुणीतरी होतं. श्वास ऐकू येत होता, सावकाश.

"कोण बोलतंय? हे बघा, बाई, हा नंबर माझ्या मैत्रिणीचा होता..."

श्वास. बराच वेळ. मग फोन बंद झाला.

तिची भाची बिल्किसू तिच्याकडंच राहायची आणि तिची हस्तलिखितं टाइप करून द्यायची. तिनं लगेच त्या नंबरवर फोन लावून पाहिला. हा क्रमांक वापरात नाही, असं एक मंजुळ आवाजाची बाई सांगू लागली.

"कंपन्या नंबर दुसऱ्याला विकतात, आत्या. काहीतरी घोळ असेल."

"वापरात नाही म्हणते ना ती?"

"मशीन आहे ते. मशीनला काय कळतं?" असं म्हणाली खरी, पण त्या दिवशी बिल्किसू एकटी अंगणात गेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा फोन आला. पुन्हा तोच श्वास. असाबे होती तेव्हा याच वेळेला दोघी एकमेकींना लिहिलेलं वाचून दाखवत. लाराईला दुसरं काही सुचेना. तिनं वही ओढली आणि वाचायला लागली. सुवैबाच्या खोलीतला धुपाचा वास, भिंतीशी रचलेली भांडी, कोंबडीचा तेलकट कागद. श्वास ऐकत होता. "'बोलली, बोलली! मी ऐकलं!'" लाराईनं वाचलं.

फोन बंद.

वाक्य वाईट असेल म्हणून तिनं ते बदललं. घासाघीस वाढवली, एका मित्राला तोतरा केला, एका मैत्रिणीच्या तोंडी झणझणीत टोमणा घातला. तिसऱ्या दिवशी ते सगळं ऐकून घेतलं गेलं. मैत्रीण म्हणाली, "बोलली हो!" आणि फोन बंद. चौथ्या दिवशीही तिथंच.

लाराईचं जेवण कमी झालं. खोलीत धूप जाळला नसताना वास येऊ लागला. तिसरा प्रहर जवळ आला की ती फोन उशीखाली ठेवायची आणि मग उशीकडंच बघत बसायची. बिल्किसू म्हणाली, "आत्या, तो फोन मी विहिरीत टाकते." लाराई तिच्यावर कधी नव्हे ती ओरडली.

शुक्रवारच्या आदल्या दिवशी शाळेत तिनं छोट्या उम्मीला फळ्यापाशी उभं केलं. उम्मीला बोलायला वेळ लागतो. अक्षर तिला येतं, पण ते ओठांवर येईपर्यंत बाकीची मुलं दहा वेळा हात वर करतात. उम्मी फळ्याकडं बघत राहिली. खडू घामानं ओला झाला. शेवटी पहिल्या रांगेतली तब्बुका उठली आणि म्हणाली, "मालमा, ती 'स' म्हणाली. मी ऐकलं."

"नाही म्हणाली," लाराई म्हणाली.

"म्हणाली, मालमा! हळू म्हणाली."

"तब्बुका, तुला घरी जायची घाई झालीय, हो ना? म्हणून तू तिच्या तोंडात शब्द घातलास. आता सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, उम्मी जागेवर बसली, की तिला आलं असं मी समजणार. आणि घरी गेल्यावर तिच्याजवळ काय असेल? काहीच नाही. दुसऱ्याच्या तोंडानं कुणी..."

मुलं वाट बघत राहिली. मालमाच्या डोळ्यांत पाणी का आलं ते कुणालाच कळेना. उम्मीनं मात्र त्या शांततेत "स" म्हटलं, अगदी स्वच्छ.

सव्वीस वर्षांपूर्वीची ती खोली. पलंगावर वीस वर्षांची असाबे, पदर हनुवटीपर्यंत. शेजारी मैत्रिणींची म्होरकी लाराई. दिवसभर पाहुण्यांना वाढून पाय मोडले होते, मेंदीच्या वासानं डोकं चढलं होतं. नवऱ्याचे मित्र नोटांवर नोटा ठेवत होते, नवरा सागिर दारात चुळबुळत होता, आणि असाबे काही केल्या बोलेना. लाराईनं तिला कोपरानं ढोसलं. पदराआड असाबेचे दात वाजत होते, तेही लाराईला ऐकू आलं होतं. तरी तिनं नोटा उचलल्या आणि हात वर करून म्हटलं, "बोलली, बोलली! मी ऐकलं!"

मंडळी हसत उठली. लाराईही उठली. दार लागलं.

पुढं महिनाभर असाबे त्या घरात एक शब्द बोलली नव्हती, हे तिनं लाराईला खूप नंतर सांगितलं. सागिर वाईट नव्हता, असंही म्हणाली. मैत्रिणींनी सांगितलं म्हणजे माझी संमती आहे, असं त्याला वाटलं. "कुणीतरी थांबायला हवं होतं," एवढंच. कोण, ते तिनं म्हटलं नाही. आणि लाराईनं विचारलं नाही.

त्या दुपारी लाराईनं बारा पानं फाडली आणि नवी लिहायला घेतली. शुक्रवारी तंको आला तेव्हा ती शेवटच्या ओळीवर होती. त्यानं वही उभ्यानंच चाळली.

"हाजिया, दार कुठंय?"

"उघडं आहे."

"कितव्या पानापर्यंत?"

"शेवटच्या."

"या अल्लाह! म्हणजे अख्ख्या भागात तो तिला हातही लावत नाही?"

"ती बोलली नाही अजून."

"अहो, नवरा आहे तो तिचा! आणि माझं हे छापलेलं मुखपृष्ठ? हातात हात?"

"ते चौथ्या भागाला लाव. बोलली तर."

"बोलली तर!" तंकोनं आढ्याकडं बघितलं. "मेलेल्या बाईनं सुरू केलेली गोष्ट जिवंत बाईनं संपवावी म्हणून आलो, तर हीही थांबली. ईदला मी काय विकू? तुमची खोलीभर शांतता?" त्यानं मुखपृष्ठ गुंडाळलं. दारातून वळून म्हणाला, "आमची मंडळी वाचेल म्हणा. आठ वर्षं विचारतेय." पण वही त्यानं नेली नाही.

फोन वेळेवर आला.

लाराईनं वाचायला सुरुवात केली. धूप, भांडी, तेलकट कागद. घासाघीस. मित्रांनी नोटा पुढं केल्या. मैत्रिणीनं सुवैबाच्या पदराला कान लावला, आणि मग हात मागं घेतला. "'नाही बोलली,' ती म्हणाली. 'उचला तुमचे पैसे.'"

श्वास तसाच होता.

मित्र हसले, चिडले, पुन्हा हसले. मैत्रीण हलली नाही. नासिरूनं मित्रांना घरी पाठवलं, कोंबडी मैत्रिणीच्या हाती दिली आणि स्वतः ओसरीवर चटई टाकून बसला. मैत्रीण उंबऱ्याच्या आत बसली, दार उघडं ठेवून. पहाटे सुवैबानं पदर थोडा वर केला आणि पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी नासिरूनं बाहेरूनच तिला बाजारातली गंमत सांगितली. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, आत येऊ का, आणि उत्तर आलं नाही म्हणून तो गेला नाही. सातव्या दिवशी ती त्याच्या चपलांचा आवाज ओळखू लागली. वाचता वाचता लाराईच्या ध्यानात आलं, की नासिरू उंबऱ्याबाहेर आहे तोवर प्रत्येक ओळीत तो जवळ येतोय, आणि इतकं जवळ तिच्या त्या बारा पानांत कुणीच कुणाच्या आलं नव्हतं.

पानं संपली. फोन चालू होता.

"असाबे," लाराई म्हणाली. "तू बोलली नव्हतीस. मला घरी जायचं होतं. मी खोटं सांगितलं."

श्वास थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

लाराईच्या जिभेवर पुढचं वाक्य तयार होतं, मला माफ केलंस ना. ते बाहेर पडलं असतं तर पाठोपाठ "केलंस, मला ठाऊक आहे" हेही पडलं असतं. तिनं जीभ दातांत धरली.

बिल्किसू दारात आली. आत्याचा चेहरा पाहून तिनं ओठांनीच विचारलं, "काय म्हणतंय?" लाराईनं हातानं तिला खाली बसवलं. मशिदीतून संध्याकाळची बांग झाली, अंगणातली शेळी ओरडून गप्प झाली, फोन कानापाशी तापला. लाराईनं तो खाली ठेवला नाही. तिला कुठंही जायचं नव्हतं.