धूर माझा, बदनामी वाऱ्याची

मी एक जुना निळा ट्रक आहे. एक टन माल वाहणारा, डिझेल पिणारा, चंगजू शहरातल्या गल्ल्या तोंडपाठ असलेला. माझ्याकडे पाहून खुशाल नाक मुरडा, मित्रांनो. मी स्वतःच स्वतःला विटलो आहे.

एकवीस वर्षांपूर्वी प्यो गिलसूने मला नवा कोरा आणला, तेव्हा आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे माझी पूजा झाली. माझ्यापुढे डुकराचे उकडलेले मुंडके मांडले, चारही चाकांवर तांदळाची दारू ओतली आणि अपघात टळावेत म्हणून पांढरा दोरा गुंडाळलेला सुका मासा माझ्या बॉनेटखाली ठेवला. गिलसूची बायको ओकबुन हात जोडून म्हणाली, "बाबा रे, तुझ्यामुळे कुणाच्या केसालाही धक्का लागू देऊ नकोस."

मी ते मनावर घेतले. आजवर मी एका मांजरालाही धक्का लावलेला नाही. गिलसू भेटेल त्याला हे ऐकवतो, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

आमचा धंदा भाजीचा. सकाळी ठोक बाजारातून कोबी, मुळे, बटाटे, लसूण भरायचे आणि उंच इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहायचे. माझ्या टपावर भोंगा आहे. त्यातून गिलसूचा टेप केलेला आवाज दिवसभर बटाट्यांचे गुणगान गातो. एकदा या भोंग्याने माझी बॅटरी पार उतरवली आणि चारचौघींसमोर गिलसूला मला ढकलत न्यावे लागले. त्या दिवसापासून त्याने धसकाच घेतला. आता मी उभा असलो तरी तो इंजीन बंद म्हणून करत नाही. कुठे जायचे नाही, यायचे नाही, आणि मी सहा-सहा तास एका जागी धडधडतो आहे. याला काय म्हणावे?

ओकबुन माझ्या मागच्या बाजूला स्टुलावर बसून गिऱ्हाइकांसाठी लसूण सोलते. थंडीत ती स्टूल सरकवून माझ्या धुराच्या नळीशी आणते. पाय शेकतात म्हणे. मास्क आणलेला असतो, पण गिऱ्हाइकांशी बोलता येत नाही म्हणून तो गळ्यात. चार हिवाळे ती खोकते आहे. खोकला आला की दोघे आभाळाकडे बघतात आणि पश्चिमेच्या वाऱ्याला शिव्या घालतात. तो वारा धूळ आणतो हे खरे आहे, मी नाकारत नाही. पण वारा कधीतरी येतो. मी रोज येतो, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहतो. मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते. मला आहे ती नळी, आणि तिच्यातून निघतो धूरच.

सरकारी पत्रे यायची. एवढ्या जुन्या डिझेल गाडीला काजळी अडवणारी जाळी बसवा नाहीतर गाडी मोडीत काढा, हवा वाईट असेल त्या दिवशी शहरात आणू नका. गिलसू ती पत्रे माझ्या काचेवरच्या, ऊन अडवायच्या झडपेत खोचायचा आणि माझे बॉनेट थोपटून म्हणायचा, "अजून धडधाकट आहे माझा गडी." अशा कौतुकाने अंगाचा तिळपापड होतो.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर घरोघरी किमची, म्हणजे कोबीचे तिखट लोणचे, घालायची घाई सुरू झाली. कोबीला उसंत नव्हती. ओकबुनने कामाचे पांढरे हातमोजे सकाळी धुतले आणि वाळावेत म्हणून माझ्या नळीशेजारच्या कडीला अडकवले. दुपारी काढायला गेली तर ते काळेकुट्ट. तिने एक मोजा काढून गिलसूच्या नाकासमोर धरला.

"अहो, ही पण पश्चिमेची धूळ का?"

गिलसू गडबडला. इंजीन बंद केले तर भोंगा कसा वाजेल, असे काहीतरी पुटपुटला.

"लग्नाआधी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारायचात," ओकबुन म्हणाली. "तो घसा आता कुठे गेला?"

तिने दार उघडून किल्ली फिरवली. भोंगाही गप्प झाला. गिलसूने घसा खाकरला आणि बटाट्यांची आरोळी ठोकायला तोंड उघडले. तेवढ्यात ओकबुनला उबळ आली.

मित्रांनो, तो खोकला त्याने रोज ऐकला होता, पण माझ्या धडधडीखाली. आज मध्ये काहीच नव्हते. ती वाकून, स्टूल धरून खोकत राहिली आणि शेवटी श्वास आत घेताना तिच्या छातीत शिट्टी वाजली. गिलसूची आरोळी काही फुटली नाही. तो माझ्याकडे आला, झडपेतली सगळी पत्रे काढली आणि तिथेच फुटपाथवर बसून एकेक वाचू लागला.

आज मी मोडीच्या आवारात रांगेत उभा आहे. सकाळी गिलसूने तो सुका मासा काढून घेतला. ओकबुनने माझ्या दारावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझा काय दोष? तुला बंद करायचं आमच्याच डोक्यात आलं नाही." एवढे बोलतानाही तिला दोनदा थांबावे लागले. तिचा खोकला गेलेला नाही. डॉक्टर म्हणतात, तो पुरता जाणार नाही.

माझ्यासारखे जुने जीव शेवटी म्हणतात, आम्हाला सांभाळा. मी म्हणणार नाही. मला वेळेवर मोडीत काढले असते तर बरे झाले असते. तुमच्या घरी गाडी असेल तर जवळच्या कामाला तिला काढू नका, पायांनी जा. ती धूर ओकत असेल तर तिची दुरुस्ती करा. आणि कुणाची वाट बघत उभे असाल तर इंजीन बंद करा. जिवावर आले तर खाली उतरा आणि गाडीच्या मागे जाऊन बघा, तिथे कोण बसले आहे.